आइस्क्रीम सँडविचसाठी घरच्या ओट्स कुकीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात आमच्याकडे ओट्सच्या कुकीज भाजून त्यांत आइस्क्रीम भरायचा घाट घातला जातो. भाचरं, शेजारणी, मैत्रिणी असं जे जे विचारत गेल्या ते सगळं इथे एकत्र केलं आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. ही कुकी चहासोबतची नाही. तिला फ्रीजरमध्ये राहायचं आहे. त्यामुळे ओव्हनमधून काढल्या काढल्या ती कशी लागते यावर जाऊ नका, एक रात्र गोठल्यावर दाताखाली कशी येते ते बघा.

बाजारात चांगली बिस्किटं मिळतात. मग ओट्सची कुकी कशासाठी?

बिस्किट कुरकुरीत असतं ते त्यात पाणी जवळजवळ नसतं म्हणून. त्याच्यामध्ये आइस्क्रीम ठेवलं की दोनांपैकी एक होतं. लगेच खाल्लं तर बिस्किट मोडतं आणि आइस्क्रीम चारही बाजूंनी बाहेर येतं. ठेवून दिलं तर बिस्किट ओल धरून लिबलिबीत होतं. ओट्सची पाकळी मात्र पाणी पिते आणि तरी आपला आकार सोडत नाही. आइस्क्रीमची थोडी ओल तिने शोषली की कुकी मऊ होते, पण तिचा लगदा होत नाही, चावायला काहीतरी उरतं. शिवाय भाजलेल्या धान्याचा खमंगपणा दुधाच्या गोडीला फार छान धरतो.

मुंबईत चर्चगेटला के. रुस्तमकडे आइस्क्रीमची जाड वडी दोन पातळ वेफरमध्ये घालून देतात, ती कुणी खाल्ली असेल तर फरक चटकन कळेल. तिथला वेफर हातात पडल्यापासून काही मिनिटांत संपवायचा असतो, त्यातच त्याची मजा आहे. आपली कुकी उलट आहे. तिला मुरायला वेळ लागतो.

हा प्रकार मूळचा कुठला?

दोन ओट्स कुकीजमध्ये व्हॅनिला आइस्क्रीम घालून ते डार्क चॉकलेटमध्ये बुडवायचं, हा पदार्थ अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये प्रसिद्ध झाला. समुद्रकाठच्या ‘प्लेलँड ॲट द बीच’ या करमणूक बागेत जॉर्ज व्हिटनी यांनी तो १९२८ साली विकायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं ‘इट्स-इट’. ती बाग १९७२ मध्ये बंद झाली, पण पदार्थ टिकला आणि आजही त्या भागात दुकानांतून मिळतो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना तो चांगला ओळखीचा असतो. आपण घरी करतो ते त्याच वळणाचं, फक्त सामान आपल्या किराणा दुकानातलं.

नेमकं प्रमाण सांगा.

हे प्रमाण १६ कुकीजचं, म्हणजे ८ सँडविचचं. शक्यतो वजनकाटा वापरा. वाटीने मोजलेले ओट्स कधी दाबून भरले जातात, कधी सैल राहतात, आणि कुकी दर वेळी वेगळी होते.

बिनमिठाचं लोणी ९० ग्रॅम, सूर्यफुलाचं तेल २५ ग्रॅम, ब्राउन शुगर १२० ग्रॅम, साधी साखर ५० ग्रॅम, एक अंडं, व्हॅनिला इसेन्स एक लहान चमचा, मैदा १०० ग्रॅम, ओट्स १३० ग्रॅम, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, मीठ पाव लहान चमच्याहून किंचित जास्त, दालचिनीची पूड अर्धा लहान चमचा.

मीठ आणि दालचिनी जास्त वाटेल, पण तसंच ठेवा. गारठलेल्या पदार्थाची गोडी आणि वास दोन्ही जिभेला कमी जाणवतात. कोमट असताना थोडी ठसठशीत लागणारी कुकी फ्रीजरमधून काढल्यावर बरोबर लागते.

आणि कृती?

ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ५ ते ६ मिनिटं कोरडेच भाजा. भाजणीला धान्य भाजताना जसा वास सुटतो तसा सुटला की उतरवा आणि ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम ओट्स घातले तर लोणी वितळतं आणि पुढे सगळं बिघडतं. ही पायरी कित्येक जण गाळतात. मी गाळत नाही, कारण कुकीची अर्धी चव तिथे तयार होते.

लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. बोट दाबलं तर खळगा पडावा इतपत. लोणी, तेल आणि दोन्ही साखरा २ मिनिटं फेटा. फार फेटून हवा भरू नका, आपल्याला फुगीर कुकी नको आहे. मग अंडं आणि इसेन्स घालून एकजीव करा. मैदा, सोडा, मीठ, दालचिनी एकत्र चाळून घाला, नंतर ओट्स. आता चमच्याने फक्त मिसळायचं, कणीक मळल्यासारखं मळायचं नाही.

भांडं झाकून फ्रीजमध्ये ४५ मिनिटं ठेवा. एवढ्या वेळात ओट्स ओल पितात आणि मिश्रण हाताळण्याजोगं होतं. मग प्रत्येकी ३५ ग्रॅमचे गोळे करा आणि तळहाताने दाबून सुमारे ६ सेंटिमीटरच्या चकत्या करा. ट्रेमध्ये त्यांच्यात तीन बोटांचं अंतर सोडा. ओव्हन १७० अंश सेल्सिअसला आधी १५ मिनिटं तापवलेला हवा. १० ते १२ मिनिटं भाजा. कडा सोनेरी आणि मध्यभाग अजून ओलसर, कच्चा वाटतोय, अशा वेळी बाहेर काढा. ट्रेवरच ५ मिनिटं राहू द्या, तेवढ्यात मध्यभाग आपल्या आपण बसतो. मग जाळीवर पूर्ण गार करा.

तयार कुकी साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि बोटाएवढी जाड होते. जोड्या लावताना एकसारख्या आकाराच्या निवडा.

कोणते ओट्स घ्यायचे?

रोल्ड ओट्स, म्हणजे ज्यांच्या पाकळ्या जाड आणि अख्ख्या दिसतात ते. झटपट शिजणारे बारीक ओट्स पाण्यात लगेच विरघळल्यासारखे होतात, त्यामुळे कुकी पिठूळ लागते. घरात तेच असतील तर १३० ऐवजी १२० ग्रॅम घ्या आणि कमी भाजा, चालून जाईल. दाणेदार, कापलेले स्टील-कट ओट्स इथे अजिबात नकोत, ते या वेळात शिजत नाहीत आणि खड्यासारखे लागतात. मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ-मिरची असते, घाईत चुकून तेच उचललं जातं, म्हणून नाव वाचून घ्या.

पाकीट बरेच दिवस उघडं असेल तर आधी वास घ्या. ओट्समध्ये इतर धान्यांच्या मानाने स्निग्धांश जास्त असतो आणि तो खवट होतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर लवकरच.

माझ्या कुकीज फ्रीजरमध्ये दगडासारख्या होतात. काय चुकतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. माझं पहिलं सँडविचही असंच झालं होतं. कुकी ताटात इतकी सुरेख कुरकुरीत होती की मला वाटलं जमलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी चावा घेतला तर कुकी तशीच राहिली आणि आइस्क्रीम फ्रॉकवर आलं. तेव्हापासून मी कडकपणाची कारणं एकेक करून शोधत गेले.

पहिलं कारण, जास्त भाजणं. कुकीतलं पाणी ओव्हनमध्येच उडून गेलं की ती फ्रीजरमध्ये मऊ होणं कठीण. दोन मिनिटं आधी काढायची सवय लावा. डोळ्यांना कच्ची वाटते, मनाला पटत नाही, तरी काढा.

दुसरं कारण, नुसतं लोणी. थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. लोण्याचंही तसंच, फ्रिजमध्येच ते सुरीला दाद देत नाही, मग उणे १८ अंशांवर काय होत असेल? म्हणून या प्रमाणात थोडं लोणी काढून त्या जागी सूर्यफुलाचं तेल घातलं आहे. ते इतक्या सहज घट्ट होत नाही आणि कुकीला लवचीक ठेवतं. सगळंच तेल घालू नका. मग लोण्याचा स्वाद जातो आणि कुकी तेलकट होते.

तिसरं कारण साखरेचं आहे, आणि ते समजून घेतलं की बरंच काही सुटतं. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याला आणखी गारवा लागतो. साखरांबा फ्रीजरमध्ये ठेवून बघा, त्याचा बर्फ होत नाही. हंगामात आमरस साठवताना साखर घातलेला रस चमच्याने खरवडता येतो आणि बिनसाखरेचा रस विटेसारखा होतो, तेही यामुळेच. म्हणून आरोग्याच्या विचाराने या कुकीतली साखर निम्मी केली की ती फक्त कमी गोड होत नाही, कडकही होते. गोडी कमी हवी असेल तर आइस्क्रीम कमी गोड निवडा, कुकी लहान करा, पण साखरेचं प्रमाण फार तर १५ ते २० ग्रॅमने उतरवा. ब्राउन शुगरमधली मळी ओल धरून ठेवते, म्हणून तिचा वाटा साध्या साखरेपेक्षा मोठा आहे.

चौथं कारण घाई. भरल्यावर दोन तासांत खाल्लं तर कुकी कडकच असणार. आइस्क्रीमची ओल कुकीत उतरायला एक रात्र लागते. माझ्या मते २४ तासांनंतरचं सँडविच सगळ्यात चांगलं.

ब्राउन शुगर मिळत नाही. गूळ चालेल का?

गुळाच्या आधी काकवीचा विचार करा. ब्राउन शुगर म्हणजे साखर आणि उसाची मळी. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडची काकवी असते, उसाचा रस आटवून गूळ होण्याआधी उतरवलेली. १२० ग्रॅम ब्राउन शुगरऐवजी १०५ ग्रॅम साधी साखर आणि एक मोठा चमचा काकवी घ्या. मी आता ब्राउन शुगर आणतच नाही. काकवीचा वास दालचिनीबरोबर असा मिसळतो की कुकीला आपल्या घरची ओळख येते.

गूळ वापरायचा तर चिक्कीचा गूळ नको, मऊ गूळ घ्या. बारीक किसा आणि खडे राहिले तर चाळणीतून काढा. न विरघळलेला खडा ओव्हनमध्ये वितळून तिथे भोक पडतं. गुळाच्या कुकीज लवकर करपतात, म्हणून १६० अंशांवर भाजा. नुसती पांढरी साखर असेल आणि काकवी, गूळ काहीच नसेल, तर सोड्याला आंबट जोडीदार मिळत नाही आणि त्याची चव मागे राहते. अशा वेळी सोड्याऐवजी एक लहान चमचा बेकिंग पावडर घाला.

आमच्याकडे अंडं चालत नाही.

जवस वापरा. कोरडं भाजून केलेली जवसाची पूड एक मोठा चमचा, त्यात तीन मोठे चमचे पाणी घालून १० मिनिटं ठेवा. चिकट, बुळबुळीत लगदा होतो. हा लगदा ओल धरून ठेवतो, त्यामुळे फ्रीजरसाठी तो फारच उपयोगी आहे. दह्यानेही कुकी होते, दोन मोठे चमचे घट्ट चक्क्यासारखं दही घालून. पण ती जरा केकसारखी फुगते. माझी पसंती जवसाला. जवसाच्या चटणीची सवय असलेल्या घरात त्याचा वास खटकतही नाही.

घरचं लोणी किंवा तूप घातलं तर?

घरचं लोणी छान, पण त्यात ताकाचा अंश राहिला तर मिश्रण सैल होतं. गार पाण्याने दोनतीनदा धुऊन, पिळून घ्या. बाजारातलं खारं लोणी असेल तर वरचं मीठ वगळा.

तुपात पाणी नसतं. नुसत्या तुपाची कुकी खुसखुशीत, नानखटाईच्या अंगाची होते आणि गोठल्यावर भुगा होऊन पडते. तूपच वापरायचं तर ९० ग्रॅम लोण्याच्या जागी ७० ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा दूध घ्या. चव सुंदर येते, विशेषतः केशर-पिस्ता आइस्क्रीम भरणार असाल तर. पोत मात्र लोण्याइतका मऊ येत नाही.

मैद्याऐवजी कणीक किंवा नाचणी?

निम्मा मैदा आणि निम्मी कणीक सहज चालते, वर एक मोठा चमचा दूध घाला, कारण कोंडा पाणी ओढतो. नाचणी १०० पैकी ३० ग्रॅमपर्यंत घाला. रंग गडद येतो, चॉकलेट आइस्क्रीमला शोभतो. त्याहून जास्त घातली की कुकी तुटू लागते. ग्लुटेन पूर्ण वर्ज्य असलेल्या माणसासाठी करत असाल तर एवढं लक्षात ठेवा की ओट्स स्वतः गव्हाच्या जातीचे नसले तरी दळताना, भरताना त्यांत गहू मिसळू शकतो. पाकिटावर ग्लुटेनमुक्त असं स्पष्ट लिहिलेलेच घ्या.

ओव्हन नाही. कढईत जमेल का?

जमतं, पण धीर लागतो. जाड बुडाची मोठी कढई घ्या, तळाला मिठाचा दोन बोटं थर द्या, त्यावर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. मग आच मंद करा. एका वेळी चारपाचच कुकीज राहतात आणि १५ ते १८ मिनिटं लागतात. उष्णता खालून येते, वरून नाही, त्यामुळे खालची बाजू आधी करपते. दोन ताटल्या एकावर एक ठेवून वरच्या ताटलीत कुकीज ठेवल्या तर हा त्रास बराच कमी होतो.

लहान ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, दोन्ही सळया चालू ठेवा आणि ट्रे मधल्या खाचेत. बटणावरचा आकडा आणि आतला ताप यांत कित्येक यंत्रांमध्ये २०-२५ अंशांचा फरक असतो. साधा ओव्हन थर्मामीटर आत टांगला की रोजची ती अटकळ संपते. तो नसेल तर पहिल्यांदा एकच कुकी भाजून बघा.

बटर पेपर नावाने जो कागद मिळतो तो सगळाच ओव्हनसाठी नसतो. काहींना मेणाचा लेप असतो, तो धुरकटतो. बेकिंगचा कागद आहे याची खात्री करा, नाहीतर सरळ ट्रेला तूप लावून मैदा भुरभुरा.

कुकी पसरून पापडासारखी झाली. किंवा पसरलीच नाही.

पसरली म्हणजे मिश्रण गरम होतं किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. मे महिन्यात विदर्भात स्वयंपाकघरातच लोणी वितळतं, तिथे मिश्रण ४५ मिनिटांऐवजी दीड तास फ्रीजमध्ये ठेवा आणि गोळे करूनही पुन्हा १० मिनिटं. पसरली नाही तर ओट्स किंवा मैदा जास्त पडला आहे. उरलेल्या गोळ्यांना भाजण्याआधी हाताने आणखी चपटं करा, काम भागतं. कडा वेड्यावाकड्या आल्या तर कुकीज गरम असतानाच मोठी वाटी उपडी ठेवून आतल्या आत गोल फिरवा. गोल आकार येतो, कापाकापी नको.

मनुका, अक्रोड, चॉकलेटचे तुकडे घालू का?

मनुका हो, पण चिरून. अख्खी मनुका गोठून चिवट लागते. कोमट संत्र्याच्या रसात १५ मिनिटं भिजवून, घट्ट पिळून, कपड्यावर कोरडी करून घ्या. ओल राहिली तर बर्फाचे कण होतात. काळी मनुका मला जास्त आवडते.

चॉकलेटचे मोठे तुकडे नकोत. इतक्या गारठ्यात चॉकलेट मेणासारखं टणक होतं आणि तोंडात विरघळायच्या आत गिळलं जातं, चव कळतच नाही. घालायचं तर किसून घाला. अक्रोड बारीक चिरून, थोडे भाजून. एकूण भर ६० ग्रॅमच्या वर नेऊ नका, नाहीतर कुकी चावताना फुटते.

आत कोणतं आइस्क्रीम घालावं?

डबा उचलण्याआधी त्यावरचं नाव वाचा. भारतातल्या नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. ज्यात वनस्पती तेल किंवा वनस्पती तूप वापरलंय त्याला फ्रोझन डेझर्ट म्हणतात आणि तसं डब्यावर छापावं लागतं. शेजारी शेजारी ठेवलेले, सारख्याच चित्रांचे डबे असतात, लक्ष नसेल तर फरक कळत नाही. मी सँडविचसाठी दुधाचंच घेते. कुकीत आधीच तेल आहे, आत दुधाची खरी चव हवी.

आइस्क्रीममध्ये हवा असते म्हणून ते मिलिलिटरमध्ये विकलं जातं. एका सँडविचला सुमारे ९० मिलिलिटर लागतं, म्हणजे आठांना ७०० ते ७५० मिलिलिटर. चकत्या कापताना तुकडे उरतात, म्हणून डबा त्याहून मोठा घ्या.

स्वादाचं म्हणाल तर व्हॅनिला कधीच चुकत नाही. पण दालचिनी-काकवीच्या या कुकीला सीताफळ जे खुलतं त्याला तोड नाही. सीताफळाचा रवाळ गर आणि ओट्सचा चावा एकमेकांना पूरक आहेत. आंब्याचं घालणार असाल तर कुकीतली दालचिनी वगळून वेलची घाला, दालचिनी हापूसच्या वासावर चढते. अंजीरही चांगलं. कलिंगड, संत्रं असे पाणीदार स्वाद टाळा, ते बर्फाळ होतात.

घरचं पॉट आइस्क्रीम किंवा कुल्फी भरली तर?

अंगणात बसून, बर्फात मीठ घालून हँडल फिरवलेलं पॉट आइस्क्रीम ताजं असताना भरायला अगदी योग्य. तेव्हा ते मऊच असतं, लगेच कुकीवर थापता येतं. पण त्यात बाजारच्या आइस्क्रीमपेक्षा हवा कमी असते, म्हणून एकदा फ्रीजरमध्ये घट्ट झालं की जास्त कडक होतं. खायच्या आधी ते थोडं जास्त वेळ बाहेर ठेवावं लागतं.

कुल्फी नको. आटवलेल्या दुधाची कुल्फी घट्ट असते, तिच्यात हवा नसते. दात कुकीत आधी शिरतात आणि कुल्फी निसटून मागे जाते. कुल्फी काडीवर किंवा ताटलीतच छान.

भरायचं कसं? माझं सगळं वितळून ओघळतं.

कुकी जराही कोमट नको. गार झाल्यावर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, मगच भरा.

आठ सँडविच करायची असतील तर एकेक चमचा भरत बसू नका. एक पसरट ट्रे बेकिंगच्या कागदाने मढवा. आइस्क्रीमचा डबा ओट्यावर नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात २० मिनिटं ठेवून मऊ करा. ते ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर जाड थापा, वरून कागद लावून रात्रभर गोठवा. दुसऱ्या दिवशी कुकीच्या मापाची वाटी किंवा गोल साचा गरम पाण्यात बुडवून, पुसून, त्याने चकत्या पाडा. चकती कुकीवर, वर दुसरी कुकी, दोन्हींची सपाट बाजू आत. हलकंच दाबा. दोन सँडविच झाली की ती फ्रीजरमध्ये टाकून मग पुढची करा. कापताना उरलेले तुकडे मुलांच्या वाट्याचे, आमच्याकडे त्यासाठीच रांग लागते.

प्रत्येक सँडविच कागदात घट्ट गुंडाळा आणि सगळी हवाबंद डब्यात भरा. उघडं ठेवलं तर फ्रीजरमधल्या मटारचा, माशांचा वास लोणी लगेच ओढून घेतं.

किती दिवस टिकतात? आणि वीज गेली तर?

दोन ते तीन आठवडे चव चांगली राहते. त्यानंतर आइस्क्रीमवर बर्फाचे कण येतात आणि कुकी कोरडी वाटते.

वीज गेली तर फ्रीजर उघडून बघायचा मोह आवरा. बंद आणि भरलेला फ्रीजर बराच वेळ गारठा धरून ठेवतो. सँडविच नुसतं मऊ पडलं असेल, हाताला अजून गार लागत असेल, तर त्या दिवशीच खाऊन टाका. आइस्क्रीम पूर्ण पातळ होऊन कोमट झालं असेल तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. वितळलेल्या दुधात जंतू वाढतात आणि परत गोठवल्याने ते मरत नाहीत. इतक्या मेहनतीचं टाकताना जीव तुटतो, तरीही लहान मुलांच्या पोटाशी खेळ नको.

वाढदिवसाला दुसरीकडे न्यायची आहेत.

थर्माकोलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. तळाला आणि वर बर्फाच्या जेलच्या पिशव्या, मध्ये गुंडाळलेली सँडविच, रिकामी जागा वर्तमानपत्राने भरलेली. तासाभराचा रस्ता निभतो. जेल नसेल तर प्लास्टिकच्या घट्ट पिशव्यांत बर्फ आणि जाडं मीठ एकत्र भरा, पॉट आइस्क्रीमचीच युक्ती. मीठ घातल्याने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. नुसता बर्फ शून्य अंशाचा, तो आइस्क्रीम गोठलेलं ठेवू शकत नाही.

मधाने केलं तर लहान बाळाला देता येईल का?

काकवीऐवजी मध घालता येतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नका, भाजलेल्या पदार्थातूनही नाही. कच्चं मिश्रण मुलांना चाटायला देण्याचीही आपल्याकडे सवय असते, तीही सोडा. कच्चं अंडं आणि कच्चा मैदा दोन्ही त्रासदायक ठरू शकतात.

पीठ आधी करून ठेवलं तर चालेल?

उत्तम. गोळे दाबून, ट्रेवर गोठवून, मग डब्यात भरून महिनाभर ठेवता येतात. थेट फ्रीजरमधून ओव्हनमध्ये टाका, दोन मिनिटं जास्त द्या.

चॉकलेटमध्ये बुडवायचं असेल तर?

डार्क चॉकलेट १५० ग्रॅम आणि खाण्याचं खोबरेल तेल एक मोठा चमचा, डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात, वितळवा. मग ते हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत थांबा. खोबरेलामुळे थर पातळ बसतो आणि गार सँडविचला लागताच क्षणात घट्ट होतो. सँडविच रात्रभर गोठलेलं आणि एका वेळी एकच बाहेर काढलेलं हवं. मी अर्धंच बुडवते. पूर्ण बुडवलं की ओट्सचा खमंगपणा चॉकलेटखाली दबतो, आणि धरायला कोरडी बाजूही उरत नाही.

वाढण्याआधी किती वेळ बाहेर ठेवायचं?

पुण्यात डिसेंबरमध्ये ७-८ मिनिटं, मे महिन्यात ३ मिनिटं पुरतात. कागद खालच्या अर्ध्या भागावर तसाच ठेवून हातात द्या. कुकी अंगठ्याने दाबल्यावर जरा आत जाते आणि कडेचं आइस्क्रीम चकाकायला लागतं, त्या वेळी पहिला घास घ्यायचा.